पिचरचा हात

अमेरिकेत हायस्कूलच्या पिचरला, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला, कॉलेजच्या संघात जागा मिळवायची असेल, तर आधी रडार गनवरचा आकडा विचारला जातो. ताशी किती मैल? हा प्रश्न गैर आहे असं मी म्हणणार नाही. पिचर जिथून चेंडू टाकतो त्या माऊंडपासून बॅटरजवळच्या होम प्लेटपर्यंत अंतर ६० फूट ६ इंच, आणि ताशी ९० मैलांचा चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. तेवढ्यात बॅटरने चेंडू ओळखायचा आणि बॅट फिरवायची. वेग वाढला की त्याचा वेळ कमी होतो, हे गणित प्रत्येक कोच जाणतो. तरीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने सारं काही या एका आकड्यावर लावावं, हे मला अजिबात पटत नाही. कॉलेजपर्यंत पोचायला आधी हात शाबूत लागतो, आणि त्या हाताने हवा तिथे चेंडू टाकता यावा लागतो.

क्रिकेटच्या गोलंदाजाला कोपराचा झटका देऊन चेंडू फेकायला मनाई आहे. पिचर मात्र फेकतोच, आणि त्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर येतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचं हेच लिगामेंट शस्त्रक्रियेने नव्याने बसवलं. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ती शस्त्रक्रिया आज शाळकरी मुलांवरही होते, आणि सामन्यात परतायला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ जातो. कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या स्तराचे, म्हणजे डिव्हिजन वनचे, कोच अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून मुलाशी थेट बोलू शकतात. म्हणजे ज्या वर्षी त्याला बघायला कोणी येणार, नेमकं तेच वर्ष हातातून जाऊ शकतं. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट सूचनांप्रमाणे १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसात १०५ च्या वर पिच टाकू नयेत, ८१ किंवा जास्त टाकल्यास चार दिवस थांबावं, आणि वर्षातले किमान चार महिने सामन्यातलं पिचिंग बंद ठेवावं. शाळेचा हंगाम, उन्हाळी संघ, मग कोचना खेळ दाखवायचे शोकेस, या रांगेत ते चार महिने आपोआप सापडत नाहीत. ते पालकांनी कॅलेंडरवर आधीच आखून ठेवायला हवेत.

यावर म्हटलं जातं, की थांबणारा मागे पडतो. कॉलेज बदलू देणाऱ्या ट्रान्स्फर पोर्टलमुळे कोचला वीस-बावीस वर्षांचे तयार खेळाडू मिळतात, आणि २०२५-२६ पासून डिव्हिजन वनच्या बहुतेक मोठ्या संघांत जागा ३४ च. अशा गर्दीत वेगाशिवाय नजरेत भरणार कसं? गर्दी खरी आहे. पण जागा कमी म्हणूनच शिकवून तयार करायला कोचला सवड कमी, आणि चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट वॉक (पहिला बेस) देणाऱ्याला तो माऊंडवर उतरवणार नाही. चेंजअप या मंद चेंडूचंच बघा. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून चेंडू तळव्यात खोल धरायचा, हात मात्र फास्टबॉलइतक्याच जोरात फिरवायचा. चेंडू ताशी आठ-दहा मैलांनी मंदावतो आणि बॅट आधीच फिरून जाते. हे जमायला ताकदीपेक्षा तालीम लागते. मेजर लीगमधला पिचर ग्रेग मॅडक्स याने १९९७ मध्ये २३२ पेक्षा जास्त इनिंग्जमध्ये फक्त २० वॉक दिले. मॅडक्स लाखात एक, हे मान्य. पण स्ट्राइक टाकायची सवय प्रत्येकाला लावून घेता येते.

अभ्यासाचं महत्त्वही तितकंच. डिव्हिजन वनसाठी मुख्य विषयांतले १६ कोर्स आणि त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी गुणांक) लागतो. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नसते, तिथे चांगले गुण फीचा भार हलका करू शकतात. आणि कोचला व्हिडिओ पाठवताना निवडक स्ट्राइकआउट जोडून पाठवू नयेत. कॅमेरा कॅचरच्या मागे ठेवावा आणि एक अख्खी इनिंग न कापता पाठवावी, म्हणजे कॅचरने ग्लोव्ह कुठे धरला होता आणि चेंडू घ्यायला तो किती हलवावा लागला, हे कोचला चेंडूगणिक दिसेल.