नांदेडास नामदेव

लातुराहून अहमदपूर, लोहा या वाटेनें आम्ही नांदेडास अनेकदां गेलों. पण आप्तांकडील कार्य उरकावें आणि परतावें, एवढेंच. तीस वर्षें शाळेंत नामदेवांचे अभंग शिकविले, परंतु गुरुद्वाऱ्याची पायरी चढलों नाहीं, याची आतां लाज वाटते.

गेल्या कार्तिकांत मात्र डोक्यास रुमाल बांधून आंत गेलों. 1708 सालीं गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेविला, तें हें क्षेत्र. कीर्तन आटोपल्यावर एका वृद्ध रागींनीं ग्रंथसाहेबाची नागरी लिपींतील पोथी आम्हांस दाखविली. 1604 सालीं सिद्ध झालेल्या या संग्रहांत आपल्या नामदेवांचीं 61 पदें आहेत. आम्ही आरंभापासून शोधूं लागलों. श्रीराग संपला तरी नामदेव भेटेनात.

"मास्तरजी, नांव शोधूं नका, राग शोधा," रागी हंसून म्हणाले.

ग्रंथाची मांडणी 31 रागांची. प्रत्येक रागांत आधीं गुरूंची वाणी, आणि पुष्कळ रागांत शेवटीं कबीर, नामदेव, रविदास आदि संतांची. त्यामुळें नामदेव गौडी, आसा, धनासरी, भैरव, मल्हार अशा 18 रागांत विखुरलेले! आमच्या घरच्या गाथेंत शब्द आहेत, राग नाहीं. आमचे वडील बंधु नामदेवांचा एक अभंग पहांटे म्हणत; ते गेले आणि चालहि गेली. राग म्हणजे चाल नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी आशा वाटली.

रागांचीं नांवें उतरून घेतां घेतां लातुराची गाडी चुकली. लंगरांत पंगतीस बसलों. मग रागींनीं धनासरींतील एक पद हलक्या आवाजांत म्हटलें. बंधूंची चाल ती नव्हती. आम्ही त्यांस तें पुन्हां म्हणावयास सांगितलें.