गडनदीच्या काठाने, सायकलच्या वेगाने

सिंधुदुर्गात येणारे बहुतेक प्रवासी एकच वाट धरतात. महामार्ग सोडला की मोटार थेट मालवणच्या धक्क्यापाशी थांबते. होडीतून किल्ला, दुपारचे जेवण, सायंकाळी तारकर्लीची वाळू आणि दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास. किल्ला पाहिल्याचे समाधान घेऊन मंडळी घरी जातात. पण हा किल्ला नेमका येथेच का उभा राहिला, हा प्रश्न मनात यावा एवढी उसंत त्या प्रवासात नसते. त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर समुद्रात आहे. उरलेले निम्मे किनाऱ्याच्या मागे, सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत दडले आहे. आणि ही खोरी पाहण्यास सायकलीसारखे दुसरे वाहन नाही.

फ्रान्समधील लुआर नदीचे खोरे राजवाडे आणि गढ्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. त्या नदीच्या सोबतीने सुमारे ९०० किलोमीटर लांबीचा सायकलमार्ग जातो. गढी, द्राक्षमळे, जुने पूल, बाजाराची गावे अशा क्रमाने प्रवासी खोरे वाचत जातो. युनेस्कोने २००० साली तेथे एखाद-दुसऱ्या राजवाड्यापुरते न थांबता नदीच्या खोऱ्याचा मोठा पट्टाच जागतिक वारसा म्हणून नोंदविला. वास्तू आणि तिला जन्म देणारा प्रदेश यांची ताटातूट करू नये, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना हाच मान मिळाला. त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे या जिल्ह्यातील दोन जलदुर्ग आहेत. आनंदाचीच गोष्ट. मात्र या दुर्गांच्या पाठीशी असलेल्या खोऱ्यांकडे अद्याप फारसे कोणी वळत नाही.

नदी हाच रस्ता

कोकणची ही पट्टी अरुंद. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, आणि मध्ये वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल अशा आखूड नद्या. भरतीचे पाणी या नद्यांत आतवर शिरते. पक्के रस्ते नव्हते त्या काळी पडाव आणि मचवे भरतीबरोबर आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर जात. होडी जेथपर्यंत पोहोचे तेथे बाजारपेठ वसे. तेथून पुढे बैलांच्या पाठीवर माल लादून घाट चढावा लागे. मीठ, नारळ, सुपारी वर जाई. धान्य आणि गूळ खाली येई. वाघोटणच्या खोऱ्यातील खारेपाटण हे असेच प्राचीन बंदर. शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. १००८ मधील ताम्रपट तेथेच सापडला. आज तेथे उभे राहून हे गाव एकेकाळी समुद्रापारच्या व्यापाराशी जोडलेले होते, असे सांगितले तर नवख्याला ते खरे वाटणार नाही.

ज्याच्या हाती खाडी, त्याच्या हाती जकात. म्हणून खाडीच्या मुखावर एक किल्ला आणि आत, नदीच्या वळणांवर, आणखी काही. हे सूत्र ध्यानी धरून सायकलीवर बसावे.

कणकवली ते मालवण

आरंभ कणकवलीहून करावा. रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून नोंदणी करून सायकल येथवर आणता येते. आचऱ्याच्या रस्त्याला लागले की महामार्गाचा गोंगाट मागे पडतो आणि गडनदीचे खोरे सुरू होते. भातखाचरे, त्यांच्या कडेने माड, वर काजूच्या बागा. उतरणीच्या तळाशी वहाळ आणि त्यावर लहानसा पूल. पूल ओलांडला की पुन्हा चढ. मोटारीत बसलेल्याला हे चढउतार जाणवतही नाहीत. सायकलस्वाराचे पाय मात्र प्रत्येकाची नोंद ठेवतात, आणि पाण्याची वाट सोडून जमिनीवरून माल नेणे पूर्वजांना किती जड गेले असेल, हे त्याला पुस्तकाशिवाय कळते.

वाटेत नदीकाठी रामगड आहे. झाडीत हरवलेली तटबंदी, बुरूज, आणि जमिनीत उभ्या पुरलेल्या तोफा. येथे तिकीटघर नाही की गर्दी नाही. पुढे खाडी रुंदावते आणि मसुरे येथे एक विलक्षण दृश्य दिसते. दक्षिण तीरावर भरतगड, तर समोर उत्तर तीरावर भगवंतगड. एक किल्ला वाडीकर सावंतांचा, दुसरा बावडेकर पंत अमात्यांचा. बावडा म्हणजे गगनबावडा, घाटमाथ्यावरचे गाव. घाटावरच्या सरदाराने इतक्या खाली, खाऱ्या पाण्याच्या काठी किल्ला का बांधावा? कारण त्याला समुद्राकडे जाणारी वाट हवी होती, आणि सावंतांना ती मोकळी सोडायची नव्हती. दोन तटांमध्ये वाहणारे शांत पाणी हेच भांडणाचे मूळ होते. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि ते वैर संपले. आज भरतगडाच्या तटाआड आंब्याची कलमे डोलतात आणि जुनी खोल विहीर अजूनही पाहणाऱ्याला थबकायला लावते.

मसुऱ्याचीच एक वाडी म्हणजे आंगणेवाडी. तेथील भराडीदेवीच्या जत्रेला लाखो लोक लोटतात. या जत्रेची तारीख पंचांगातील तिथीने ठरत नाही. देवीचा कौल घेऊन ती जाहीर होते. जत्रेचे दोन दिवस वगळले तर एरवी येथील रस्ता सायकलस्वाराला अगदी एकटा सापडतो.

येथून मालवणकडे जाण्यापूर्वी वेळ असेल तर वाट वाकडी करून कुडोपीचा सडा पाहावा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर इवल्या रानफुलांचा गालिचा पसरतो आणि उन्हाळ्यात तेच पठार तव्यासारखे तापते. या कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आकृती कोरल्या आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. सिंधुदुर्गातील कुडोपीचे नाव त्यात आहे. रेषा खोल नाहीत. सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन असेल तेव्हाच त्या स्पष्ट उमटतात. भर दुपारी आलेल्याला नुसता काळा कातळ दिसतो.

येथेच मन थोडे अस्वस्थ होते. सिंधुदुर्गातील घरे ज्या चिऱ्यांनी बांधली जातात, तो चिरा जांभ्याच्या अशाच सड्यांतून काढला जातो. चिरेखाणीवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. त्यामुळे खाणी वाईट, असे सरसकट म्हणता येणार नाही. परंतु कातळावरची रेषा एकदा यंत्राखाली गेली की ती कोणत्याही निधीतून परत आणता येत नाही. ज्या सड्याला कोणी भेट देत नाही, तो रिकामाच आहे असे धरले जाते. लोक येऊ लागले, गावातल्या मुलांना त्या रेषा दाखवायची संधी मिळू लागली, दोन घरांत प्रवाशांसाठी चहा होऊ लागला, तर त्याच सड्याचे मोल गावाच्या हिशेबात वेगळे ठरेल. मंद गतीचा प्रवासी गावाच्या उपयोगी पडतो तो असा.

पाण्यातला किल्ला, गोडे पाणी

मालवणच्या उत्तरेला, कोळंब खाडीपाशी सर्जेकोट लागतो आणि मग बंदर येते. दिवसभर खोऱ्यातून आलेल्या प्रवाशाला सिंधुदुर्ग आता निराळा दिसतो. नदीतून उतरणाऱ्या साऱ्या वाटांचे जणू हे दार. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन करून कुरटे बेटावर कामाचा आरंभ केला आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. सुमारे तीन किलोमीटरचा नागमोडी तट, पायात ओतलेले शिसे, राजाराम महाराजांच्या काळातील श्रीशिवराजेश्वर मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे, हे सारे परिचयाचे आहे. मात्र सायकलवर दिवसभर तहानलेला माणूस दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी अधिक वेळ थांबतो. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोड झरे. बेटाची निवड करताना या पाण्याचे मोल केवढे असेल, ते त्याला सांगावे लागत नाही.

धामापूरपासून शिरोड्यापर्यंत

दुसऱ्या दिवशी चौक्यावरून धामापूरला जावे. डोंगरांच्या कुशीतील हा तलाव १५३० मध्ये, विजयनगरच्या राजाचे मांडलिक नागेश देसाई यांच्या काळात बांधला गेला. काठावर भगवतीचे मंदिर, खाली पाण्यावर पोसलेली शेती. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान मिळाला. पुढे नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडली की एका बाजूस कुडाळ, पिंगुळी आणि दुसऱ्या बाजूस वालावल. पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वालावलच्या लक्ष्मीनारायण मंदिरापाशी तळ्याच्या पायऱ्यांवर दुपारची विश्रांती घ्यावी आणि परुळ्यात मुक्काम करावा.

तिसरा दिवस वेंगुर्ल्याचा. तेथे सतराव्या शतकातील डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. छप्पर गेले, भिंतींत झाडांची मुळे उतरली. तरी व्यापाऱ्याची नजर किती दूरवरून या किनाऱ्यावर खिळली होती, याची ती साक्ष आहे. पुढे जयवंत दळवींचे आरवली आणि मग शिरोडे. वि. स. खांडेकर या गावी १९२० ते १९३८ शिक्षक होते.

प्रवासाची तयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात किल्ल्याची होडीसेवा बंद असते आणि उतारावरचे शेवाळ धोक्याचे. दिवसाला ४० ते ५० किलोमीटरपेक्षा अधिक अंतराचा हट्ट धरू नये. चढ पुष्कळ आहेत. गिअरची सायकल, तपासलेले ब्रेक, जादा ट्यूब आणि शिरस्त्राण हवेच. वळणांवर जांभ्याची बारीक खडी असते, तेथे वेग आवरावा.

मालवणचे नाव माशांसाठी गाजलेले असल्याने शाकाहारी कुटुंबे बिचकतात. त्याचे कारण नाही. घावणे, आंबोळी, नारळाच्या रसातील खापरोळी, कुळथाची पिठी, सोलकढी आणि हंगामात ओल्या काजूची उसळ, असे भरपूर काही येथे मिळते. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी कळविले तर कांदा-लसूण टाळूनही रांधून देतात. चौविहार पाळणाऱ्यांना तर सायकलप्रवास सोयीचाच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि या अरुंद रस्त्यांवर अंधारात सायकल चालवू नये, हे शहाणपणाचेच आहे. म्हणून मुक्काम आणि भोजन दोन्ही उजेडी उरकतात.

प्रवासाचा शेवट शिरोड्याच्या मिठागरांवर करावा. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटू द्यायचे आणि उरलेले मीठ फावड्याने ओढून ढीग घालायचे, ही येथली जुनी रीत. मे १९३० मध्ये याच मिठासाठी सत्याग्रही येथे जमले आणि त्यांनी इंग्रजांचा कायदा मोडला. खाडीतून आत आणि बैलावरून घाटावर जाणाऱ्या मालात मिठाचे स्थान मोठे होते. तीन दिवसांपूर्वी कणकवलीहून निघालेला प्रवासी त्या वाटा मागे ठेवून आता मिठाच्या उगमापाशी आलेला असतो. सायकल बांधाला टेकवून तो वाफ्याच्या कडेशी बसतो. पलीकडे कोणी तरी शेवटचा ढीग सारखा करीत असते, आणि पाण्यावर अजून थोडे ऊन असते.