खालची गादी

उंच उडी मारणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येते. खाली गादी कोणी घातली, हे कोणी विचारीत नाही. मीही विचारले नसते. पण सर्वेश कुशारे यांची हकिगत वाचली आणि बारा वर्षे मनात पुरून ठेवलेली एक गोष्ट वर आली.

कुशारे नाशिक जिल्ह्यातील देवरगावचे, शेतकऱ्याच्या घरचे. जन्म 1995 चा. शाळेत असताना ते उंच उडी मारू लागले, तेव्हा खाली पडायला फोमची गादी कुठून असणार? त्यांच्या शिक्षकांनी मक्याचा भुसा भरून गादी केली. त्या भुशावर पडत पडत पोरगा वाढला, पुढे सैन्यदलात गेला. 2019 मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. 2023 मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 2.26 मीटरला रौप्य. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मात्र गाडी 2.15 मीटरवरच अडली आणि पहिल्या फेरीतून परतावे लागले. एखादा तेथेच खचला असता. सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तेच कुशारे उंच उडीची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय ठरले. उडी 2.28 मीटर, आयुष्यातील तोवरची सर्वांत उंच, क्रमांक सहावा. आमच्या वर्गाच्या दाराची चौकट घ्या आणि तिच्यावर आणखी वीतभर मोजा, म्हणजे ही उंची ध्यानात येईल.

हा खेळ मोठा विचित्र आहे. जिंकणारासुद्धा बहुधा शेवटी आडवी काठी पाडूनच मैदान सोडतो. तेव्हा पडणे चुकत नाही. प्रश्न एवढाच की पडायचे कशावर. पूर्वी वाळूत नाहीतर लाकडाच्या भुशात उतरावे लागे, म्हणून उडी अशी मारायची की पाय आधी टेकतील. फोमच्या जाड गाद्या आल्या आणि 1968 साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी नावाचा अमेरिकन तरुण काठीकडे पाठ करून उडाला, पाठीवर पडला आणि 2.24 मीटरला सुवर्णपदक घेऊन गेला. आज सारे तसेच उडतात. खाली मऊ झाले, तेव्हा वर जायची नवी वाट सापडली.

आता माझी गोष्ट. आमच्या राळेगावच्या शाळेत गणिताबरोबर खेळाचा तासही माझ्या गळ्यात पडला होता. उडीसाठी एक खड्डा होता. त्यात कधीकाळी वाळू होती. पावसाने ती वाहून गेली आणि खाली उरली उन्हाने विटेसारखी झालेली काळी माती. एक सडपातळ पोरगा तेथे रोज उडे. मी शिट्टी वाजवून म्हणे, "आणखी वर!" एके दिवशी तो वर गेला आणि खाली आला तो डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

त्याचे वडील आले. मला वाटले, रागावतील. ते म्हणाले, "काही नाही होत गुरुजी, पोट्ट्याचा हात हाय, जुळते." पोरगा मात्र माझ्याकडे पाहून म्हणाला, "खाली मऊ असतं तं अजून वर गेलो असतो ना जी!"

हात जुळला, थोडा वाकडाच. उडी मात्र कायमची सुटली.

ज्या गावात सीतादही झाली की घराघरांत कापसाचे ढीग लागतात, जिनिंगच्या वाटेवर कुंपणाच्या काट्यांनाही कापूस अडकलेला असतो, त्या गावात मला एक गादी सुचू नये! देवरगावच्या शिक्षकांनी घरचा मका पाहिला. मी डोळ्यांसमोरचा कापूस पाहिला नाही. पैसा नव्हता, असे म्हणून मी इतकी वर्षे स्वतःची समजूत घातली होती. भुशाच्या गादीने ती सबब काढून घेतली.

टोकियोची बातमी वाचल्यावर मी त्या पोराकडे गेलो. आता तो बापाची शेती करतो. भीतभीतच विषय काढला. तो आत गेला आणि कवडी कापसाची दोन पोती ओढीत घेऊन आला. बाजारात ज्याला कोणी विचारीत नाही, तो हा कापूस. आणखी चार घरांतून मिळाला, जुन्या गाद्यांची खोळ जमली आणि दिवाळीच्या सुटीत आमची गादी उभी राहिली. पाठीवरची उडी मी अजून कोणाला मारू देत नाही; तेवढी जाडी तिला नाही. पण साध्या कात्री उडीला ती पुरते.

पहिल्या दिवशी सातवीतली एक मुलगी उडाली, पडली आणि हसत उठली. तो बाजूला उभा होता. त्याने वाकून आपल्या वाकड्या हाताने गादी दाबून पाहिली.

"आता बरं हाय, गुरुजी," तो म्हणाला. "काठी वर घ्या."