हजेरीतलं नाव

मे महिन्याच्या सुट्टीत लैला लालामी या मोरोक्कन-अमेरिकन लेखिकेची ‘द मूर्स अकाउंट’ ही २०१४ सालची कादंबरी वाचली. पुस्तक देताना भाची म्हणाली होती, “खाला, अमेरिकेत पोहोचलेल्या अगदी सुरुवातीच्या मुसलमानांपैकी एकाची गोष्ट आहे.” असं काही ऐकलं की आपली छाती जराशी फुगतेच. माझीही फुगली.

गोष्टीचा पाया खरा आहे. १५२७ साली पान्फिलो दे नार्वाएझ सुमारे सहाशे माणसं घेऊन स्पेनहून फ्लोरिडा जिंकायला निघाला. पुढच्या वर्षी तिथे उतरल्यावर सोन्याच्या आशेने त्यातल्या तीनशेंना घेऊन तो जंगलात शिरला. सोनं मिळालं नाही. दलदल, ताप आणि उपासमार मिळाली. वाटेत तिथल्या लोकांचा मका लुटला, त्यांचे बाणही खाल्ले. शेवटी समुद्रकाठी येऊन या लोकांनी आपलेच घोडे कापून खाल्ले, रिकिबी वितळवून खिळे केले, घोड्यांच्या शेपट्यांचे दोर वळले, अंगातल्या सदऱ्यांची शिडं शिवली आणि पाच होड्या पाण्यात लोटल्या. आजच्या टेक्सासच्या किनाऱ्यापाशी त्यांचीही वाताहत झाली. १५३६ मध्ये मेक्सिकोतल्या स्पॅनिशांपर्यंत पायी पोहोचले ते फक्त चौघे. तिघे स्पॅनिश आणि चौथा मोरोक्कोतल्या अझेमूरचा गुलाम, एस्तेबानिको. म्हणजे छोटा एस्तेबान. आपल्याकडे चहावाल्या पोराला ‘छोटू’ म्हणतात ना, तसंच.

या चौघांपैकी काबेसा दे बाकाने १५४२ मध्ये प्रवासाची हकिकत छापली. वाटेतल्या टोळ्यांशी बोलणी बहुतेक हा गुलामच करत असे, पण तो कुठला हे सांगायला त्या पुस्तकात शेवटची एक ओळ पुरली. त्याचं मूळ नाव त्यात नाही. लालामी यांनी त्याला मुस्तफा हे नाव दिलं आणि सगळी कादंबरी त्याच्याच तोंडून सांगितली.

नावाचं हे दुखणं माझ्या ओळखीचं. बीएड झाल्यावर पहिली नोकरी एका मराठी शाळेत केली. स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की “आदाब, बेगम!” म्हणून हशा व्हायचा. लोक वाईट नव्हते, प्रेमानेच म्हणायचे. मीही हसायचे. दोन वर्षं तिथे मला माझ्या नावाने फार थोड्यांनी हाक मारली. म्हणून वाचताना मी मुस्तफाच्या बाजूला जाऊन बसले होते.

मग ते पान आलं. दुष्काळात घरच्यांचं पोट भरावं म्हणून मुस्तफा स्वतःला विकतो हे ठाऊक होतं. पण त्याआधी तो व्यापारी असतो आणि त्याने स्वतः माणसं विकून नफा कमावलेला असतो. तेव्हा त्यांच्या नावांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. लेखिकेने त्याला सोडलेलं नाही. पुस्तक मिटून मी बराच वेळ तशीच बसले.

आता मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. गेल्या वर्षी वर्गात दरभंग्याकडचा एक मुलगा आला. बाप बांधकामावर. पोराला ‘ळ’ म्हणता येईना, वर्ग हसे. हजेरी घेताना मी त्याचं नाव वाचायचे, पण एरवी? “ए बिहारी, फळा पूस.” “बिहारी, तू वाच.” मीही प्रेमानेच म्हणत होते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी त्याला फळ्याकडे बोलावलं, पूर्ण नावाने. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी पुन्हा हाक मारली. शेवटी शेजारच्या मुलाने त्याला कोपराने ढोसलं, “अबे, मॅडम तेरेकोच बुला रहे.”