अनुवृत्तीचा धडा

विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हीं चार अंगें ग्रंथारंभीं सांगण्याचा संस्कृतांत संप्रदाय आहे. आमच्या नातवानें लांकूड कोरण्याचें लहानसें सीएनसी यंत्र घरीं आणलें आणि त्यावर नवशिक्यांसाठीं मराठींत मार्गदर्शिका लिहिण्याची आम्हांस गळ घातली, तेव्हां आम्हींही याच क्रमानें आरंभ केला. संगणकाच्या आकड्यांप्रमाणें फिरता कटर डावी-उजवीकडे, पुढें-मागें आणि वर-खालीं नेणारें यंत्र, हा विषय. मग १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें भोकें पाडलेल्या फितीवरून चालणारें असें यंत्र दाखविलें, तो इतिहास. चार पानें झालीं. सूनबाईंनीं तीं वाचलीं आणि म्हणाल्या, "मामंजी, छान आहे, पण यंत्र सुरू कसें करायचें?"

आम्हांस तो प्रश्न गौण वाटला, कारण आमचें मन यंत्राच्या भाषेंत रमलें होतें. 'जी २१' म्हणजे मापें मिलिमीटरांत घे. 'जी ९०' म्हणजे ठरलेल्या शून्यापासून मोज. 'जी ९१' म्हणजे जेथें आहेस तेथून पुढें मोज. अशी आज्ञा एकदां दिली कीं तिला बाध करणारी दुसरी येईपर्यंत पुढील सर्व ओळींवर चालूच राहते. ही तर पाणिनीची अनुवृत्ति! त्या आनंदांत आम्हीं पहिला पाठ स्वतःच रचला. फळीवर तीन फेऱ्यांत खांच पाडावयाची. खोली उणें १, उणें २, उणें ३ मिलिमीटर.

सकाळीं नातवानें यंत्रास 'जी ९१' दिली होती आणि यंत्र मध्यें बंद केलें नव्हतें. आमच्या पाठांत 'जी ९०' लिहावयाची राहिली. कटर आधीं एक, मग तीन, मग सहा मिलिमीटर खालीं गेला आणि पुढें सरकतांच कडकन् मोडला. तुकडा नातवाच्या कानाजवळून खिडकीच्या कांचेवर आदळला. त्याच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा नव्हता. आमच्या चार पानांतही तो कोठें नव्हता. दारांत उभ्या असलेल्या सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

जन्मभर अनुवृत्ति शिकविली आणि तिनेंच आम्हांस चुकविलें. खरें पाहतां आम्ही चौथें अंग विसरलों होतों. अधिकारी कोण? ज्यास कांहींच ठाऊक नाहीं तो.

आतां आराखडा नवा आहे. प्रथम चष्मा, सैल बाह्या वर, आणि यंत्र तात्काळ थांबविण्याचें बटण कोठें आहे तें. दुसऱ्या धड्यांत कटराच्या जागीं लेखणी बांधून कागदावर चौकोन काढावयाचा. चूक झाली तर कागदच वायां जाईल. तिसऱ्यांत कटर लांकडाच्या बोटभर वर ठेवून सबंध काम हवेंतच चालवावयाचें. मग फळी घट्ट आवळणें, आणि खालीं कागद सरकवीत तो अडूं लागेपर्यंत कटर हळूहळू उतरवून शून्य धरणें. त्यानंतर मऊ लांकूड. आणि प्रत्येक पाठाच्या माथ्यावर, पुनरुक्तीचा दोष पत्करूनही, 'जी २१' आणि 'जी ९०'.

इतिहास शेवटच्या पानावर गेला आहे. दुसऱ्या धड्याची पहिली परीक्षा सूनबाई घेणार आहेत. आमच्याकडे कांहींएक न विचारतां त्यांनीं चौकोन काढला, तरच तो धडा छापण्यायोग्य झाला असें आम्ही समजूं.