ओल्ड ट्रॅफर्डचं घड्याळ

मुलांनो, कधी इंग्लंडात मँचेस्टरला गेलात, तर ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या भिंतीवरचं घड्याळ नक्की बघा. त्यावर तारीख आहे ६ फेब्रुवारी १९५८ आणि नाव आहे म्युनिक या जर्मन शहराचं. इंग्रजांच्या मैदानावर जर्मन गाव कशाला बरं?

मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा संघ म्हणजे बरीचशी पोरंच! प्रशिक्षक मॅट बस्बी, म्हणून लोक त्यांना 'बस्बीची पोरं' म्हणत. बेलग्रेडचा सामना ३-३ असा बरोबरीत सोडवून ती घरी निघाली होती. वाटेत म्युनिकला विमान इंधनासाठी उतरलं. धावपट्टीवर बर्फाचा नुसता चिखल. दोनदा उड्डाण फसलं. डंकन एडवर्ड्सने तर घरमालकीणबाईंना तारही केली, आज नाही, उद्या येतो म्हणून. आणि तिसऱ्यांदा विमान निघालं... ते कुंपण तोडून एका घरावर आदळलं. २३ जण गेले, त्यांत ८ खेळाडू. डंकन १५ दिवस झुंजला. वय अवघं २१.

गोलरक्षक हॅरी ग्रेग मात्र त्या मोडक्या विमानात पुन्हा शिरला. एक चिमुकली मुलगी आणि तिची आई यांना त्याने बाहेर काढलं. (गोल अडवणं त्यापुढे काय हो!)

डडली हे डंकनचं गाव. चर्चच्या रंगीत काचांवर संत असतात ना, तिथल्या एका चर्चमध्ये तसा डंकन आहे, फुटबॉलच्या पोशाखात!

१९६८मध्ये वेम्ब्लीवर युनायटेडने बेन्फिकाला ४-१ हरवून युरोपियन कप जिंकला. त्यातले दोन गोल बॉबी चार्लटनचे. म्युनिकच्या विमानात तोही होता. आणि प्रशिक्षक? तेच बस्बी.