बोगद्यावरचा रस्ता

ओस्लोहून निघतानाच मैत्रिणीने सांगून टाकले, "आपण बोगद्यातून जायचं. वरच्या डोंगरातून मी गाडी घालत नाही."

आम्ही दोघी चिपळूणच्या, एकाच मोहल्ल्यातल्या, एकाच बाकावर बसून शिकलेल्या. लग्नानंतर ती नॉर्वेला गेली. मे महिन्याच्या सुट्टीला जोडून रजा मिळाली आणि जूनअखेर मी व माझे मिस्टर तिच्याकडे पोहोचलो. तिच्या साहेबांना ड्युटी होती, म्हणून ती, तिची चौदा वर्षांची लेक आणि आम्ही दोघे असे निघालो. डब्यात तांदळाच्या भाकरी आणि तळलेला बांगडा. तिथला बांगडा जाडजूड असतो, पण मसाला चिपळूणचाच होता. वाटेत हलाल कुठे शोधत बसायचे?

पाचेक तासांनी लार्डाल आले. इथून आऊरलँडला जायला दोन वाटा. एक डोंगराच्या पोटातून. २४.५ किलोमीटरचा हा बोगदा २००० साली खुला झाला. वाहनांसाठी जगात इतका लांब दुसरा नाही. दुसरी वाट त्याच डोंगराच्या माथ्यावरून, ४७ किलोमीटरची. बर्फामुळे ती हिवाळाभर बंद असते आणि जूनच्या सुमारास उघडते. लोक तिला 'बर्फाचा रस्ता' म्हणतात.

फाट्यावर तिने गाडी बाजूला घेतली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तीच म्हणाली, "२०१९ला अब्बांना याच रस्त्याने नेलं होतं."

तिचे अब्बा एसटीत ड्रायव्हर. उभी हयात चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट. आम्ही मुले त्यांना ड्रायव्हरचाचाच म्हणायचो. २०२०च्या मे महिन्यात ते अल्लाहला प्यारे झाले. विमाने बंद होती. हिने जनाजा मोबाइलवर पाहिला, आणि त्यानंतर ती गावी आलीच नाही. मी दोन-तीनदा फोनवर विषय काढला, तिने दर वेळी बदलला. मीही मग सोडून दिला होता.

"चल, वरून जाऊ," ती एकदम म्हणाली. मिस्टरांनी पुढची सीट सोडली आणि मला पुढे बसवले.

रस्ता अरुंद. समोरून गाडी आली तर थांबायला जागा ठेवलेल्या, तिथे 'एम' अक्षराची निळी पाटी. आधी झाडी, मग खुरटी झुडपे, मग नुसते दगड आणि बर्फ. कठडा दिसेना तेव्हा मी मनात आयतुल कुर्सी सुरू केली. मेंढ्या मात्र रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेल्या. हॉर्न वाजवायची तिथे पद्धत नाही, आपणच थांबायचे!

१३०६ मीटरवर सर्वात उंच जागा. जवळच बर्फ वितळून साचलेल्या पाण्याने वजू केला, बोटे बधिर झाली. आपल्याकडे किबला पश्चिमेला, इथे तो आग्नेयेकडे. आम्ही कोकणी शाफई, जुहर-असर जमा करून कसर पढलो. वारा इतका, की मुसल्ल्याच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागले. सलाम फेरल्यावर तिने दुआसाठी हात उचलले ते बराच वेळ खाली आले नाहीत. लेक माझ्याकडे बघत राहिली, मी तिला खुणेने गप्प बसवले.

उतारावर ती बोलू लागली. "अब्बा इथेच बसले होते. सारखं सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरतो तो ड्रायव्हर नव्हे." मग हसली. "तेव्हा डिझेलची गाडी होती. या गाडीला गिअरच नाहीत." गाडी विजेवरची. उतारावर चाकांच्या जोरावर बॅटरी भरते. माथ्यावर ५१ टक्के होती, खाली येईतो ५४. डिझेल वाचवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे दाखवायला हवे होते.

उतरता उतरता स्टेगास्टाइन लागते. डोंगरातून तीस मीटर पुढे काढलेला लाकडी सज्जा, टोकाला काच आणि ६५० मीटर खाली फियोर्ड. फियोर्ड म्हणजे उंच कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. आपली दाभोळची खाडी आठवा आणि दोन्ही काठांवर सह्याद्री उभा करा. मी काचेपर्यंत गेले नाही. ती गेली.

मुक्काम लार्डाललाच होता. परतायला रात्रीचे दहा वाजले, तरी मगरीब व्हायला तासभर अवकाश. या वेळी बोगदा. ड्रायव्हर कंटाळू नये म्हणून आत तीन ठिकाणी गुहेसारख्या मोकळ्या जागा कोरून निळे दिवे लावलेत. लेक मोजत होती. दुसरी निळी गुहा मागे पडली आणि मैत्रिणीने रस्त्यावरची नजर न हलवता विचारले,

"घराची चावी कोणाकडे आहे गं?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. "पावसाळ्याआधी कौलं परतून घेतलीत."

"डिसेंबरात शाळेला सुट्टी असते हिच्या," ती म्हणाली.